निळी वायर उत्तरेला

टेगलवारू गल्लीत कामतीनाला कामतीना म्हणणारं माणूस उरलं नव्हतं. बाईचं लग्न झालं की तिला नवऱ्याच्या नावाने हाक मारायची, ही सालातिगा शहरातली जुनीच सवय. म्हणून ती सगळ्यांची बू सारवोको, म्हणजे सारवोकोबाई. तिचा नवरा पाक सारवोको, म्हणजे सारवोकोराव, वारून तीन वर्षं झाली, तरी ही बू सारवोकोच. तिला त्याचं वाईट वाटत होतं असं नाही. फक्त मधूनच शिलाई करताना तिच्या मनात येई, की नाव मेलेल्या माणसाचं आणि हाक मात्र जिवंत बाईला, हे असं का?

हा ‘का’ तिच्या पाचवीला पुजलेला होता. शिलाई मशीन बिघडलं की दुसरी बाई मेकॅनिककडे जाते, कामतीना आधी तळाची झाकणी उघडून बसायची. कापड उलटं का पडतं, दोरा याच खाचेतून का जातो, हे कळल्याशिवाय तिला चैन पडत नसे. उत्तर देणारा माणूस थकायचा, ही थकायची नाही.

सगळ्यात जास्त थकला तो सारवोको. तो रेडिओ दुरुस्त करणारा. पुढे त्याने शहरातून एक मोठी इंटरनेटची लाइन घेतली आणि बांबूंवरून वायरी ओढत त्रेचाळीस घरांना जाळं विणून दिलं. गल्लीच्या तोंडाशी रात्रीच्या गस्तवाल्यांची चौकी आहे. तिथल्या लोखंडी कपाटात त्याने एक जुना कॉम्प्युटर ठेवला. सगळे त्याला पेटी म्हणत. पेटी चालवणारी प्रणाली लिनक्स, आणि पेटीला वायरी खुपसायची दोन तोंडं. निळ्या वायरीतून इंटरनेट आत यायचं आणि पिवळीतून घराघरात जायचं. पेटीला हात लावायचा हक्क एकट्या सारवोकोचा. कामतीना कॉफी घेऊन जायची आणि मागे उभी राहायची.

“हे इथ-झिरो म्हणजे काय हो?”

“नाव आहे.”

“कुणाचं?”

“या भोकाचं.”

“भोकाला नाव कशाला लागतं?”

“पेटीला हाक मारता यावी म्हणून. तू कॉफी ठेव आणि घरी जा बघू.”

ती कॉफी ठेवायची. घरी मात्र जायची नाही.

तो गेला आणि वर्षभर पेटी आपोआप चालली. मग तिच्यावरचं लिनक्स इतकं जुनं झालं, की नवं घालणं भागच पडलं. कामतीनाने सारवोकोच्या वहीत बघून बघून ते घातलं, पेटी सुरू केली, आणि सगळी गल्ली बंद. सारवोकोने हाताने लिहून ठेवलेल्या आज्ञा ‘इथ-झिरो, ऊठ’ म्हणून हाका मारत होत्या आणि त्या नावाचं पेटीत कुणी नव्हतंच. नव्या लिनक्सने भोकांची नावं बदलून टाकली होती. इथ-झिरोचं झालं होतं ईएनपी-टू-एस-झिरो. चौकीत जमलेल्या पुरुषांनी माना हलवल्या. गल्लीप्रमुख पाक जुमाली म्हणाला, “गेली. त्याच्याबरोबरच गेली म्हणायची.”

कामतीना मात्र दचकली नाही. नाव बदलणं तिला नवीन नव्हतं. ती जन्मली तेव्हा बापाने हौसेने तिचं नाव श्री कुसुमानिंगरात ठेवलं. पोर सारखी आजारी. कुणीतरी म्हातारीने सांगितलं, नाव जड झालंय, एवढंसं पोर ते कसं पेलणार. मग घरात लाल आणि पांढरी जेनांग शिजली, तांदळाची ती गोड खीर शेजारीपाजारी वाटली, आणि पोरीची कामतीना झाली. आजारपण पळालं. तेव्हा नाव बदललं म्हणून कुणी मेलं असं होत नाही, हे ती स्वतःवरून जाणून होती. प्रश्न एवढाच होता, की हे नवं नाव आलं कुठून?

दोन दिवस तिने शिलाई बाजूला ठेवली आणि वाचत बसली. तिसऱ्या दिवशी तिला कळलं, की ईएनपी-टू म्हणजे आतल्या दोन नंबरच्या खाचेत बसलेलं, वायरीच्या तोंडाचं कार्ड. म्हणजे नाव कार्डाचं नाहीच, ते बसलंय त्या जागेचं.

“अगं बाई, हे तर माझ्यासारखंच झालं,” ती पेटीला म्हणाली. “जिथं बसवलं तिथलं नाव!”

आज्ञांमध्ये नवं नाव घालताच गल्ली चालू झाली. पण जागेच्या नावाने घोटाळाही झाला. पुढे एकदा धूळ झाडताना तिने कार्ड शेजारच्या खाचेत खोचलं आणि नाव पुन्हा बदललं, गल्ली पुन्हा बंद. तेव्हा तिने सारवोकोच्या आज्ञांची वही मिटली आणि नवी रीत शिकून घेतली. नव्या लिनक्समध्ये सिस्टिमडी नावाचा एक कारभारी असतो. त्याच्या हाताखाली जाळं सांभाळणारा वेगळा गडी. हाताने आज्ञा देत बसायचं नाही, त्या गड्यासाठी चार-चार ओळींच्या चिठ्ठ्या लिहून ठेवायच्या. एका चिठ्ठीत लिहायचं, की ज्या कार्डाचा जन्मापासूनचा नंबर हा आहे, त्याला या नावाने ओळख, मग ते कुठल्याही खाचेत बसो. दुसऱ्या चिठ्ठीत लिहायचं, की या नावाच्या कार्डाने हे काम करायचं. तिला हे फार आवडलं. ब्लाउजाच्या मापाची चिठ्ठी कापडाला टाचून ठेवावी तसं काम.

नावं कुठली द्यायची याचा तिला विचारसुद्धा करावा लागला नाही. टेगलवारूत कुणी डावं-उजवं म्हणत नाही. ‘जरा उत्तरेला सरका’ म्हणतात, अगदी चटईवरसुद्धा. जेवताना मिठाची बरणी पश्चिमेची हवी असते आणि दुखणारी दाढ दक्षिणेची असते. तर निळी वायर जायची ते तोंड उत्तरेकडचं, त्याचं नाव तिने ठेवलं ‘लोर’. पिवळीचं दक्षिणेकडचं, ते ‘कीदुल’. दोन्ही शब्दांचा अर्थ तोच, उत्तर आणि दक्षिण. तोंडांवर चिठ्ठी चिकटवायची गरज तिला वाटली नाही. उत्तर कुठे आहे ते चिकटवून सांगायचं कुणाला?

पडद्यावर पहिल्यांदा ती दोन नावं उमटली तेव्हा ती बराच वेळ बघत बसली. त्या पेटीत तिचं स्वतःचं असं ते पहिलंच काहीतरी होतं.

एवढं शिकूनही त्या वर्षात जाळं दोनदा बंद पडलं. एकदा वीज कोसळली म्हणून, एकदा उंदरांनी वायर खाल्ली म्हणून. दोन्ही वेळा कामतीनाने संध्याकाळच्या आत ते चालू केलं. पण बंद पडलेलं लोकांच्या लक्षात राहतं, चालू केलेलं नाही. त्यात एका कंपनीचा माणूस गल्लीत यायला लागला, रेंदी नावाचा, गोरागोमटा आणि इस्त्रीचा शर्ट घातलेला. तो म्हणाला, आम्ही घराघरात नवी लाइन टाकतो, पेटी-बिटी काही नको. फक्त नदीकाठच्या अकरा घरांकडे जाणारा बोळ अरुंद, तिथे खांब बसत नाही, त्यांचं पुढच्या टप्प्यात बघू.

पाक जुमालीने निवाडा असा केला: हा महिनाभर पेटी नीट चालली तर राहील. एकदा जरी बंद पडली, तर महिनाअखेरच्या रविवारच्या बैठकीत कंपनीला होकार द्यायचा. नदीकाठची आजी, म्बाह वीर, तिचा मुलगा तैवानच्या कारखान्यात. रोज दुपारी फोनवर त्याचं तोंड पाहिल्याशिवाय ती जेवत नसे. ती कामतीनाला म्हणाली, “पुढचा टप्पा म्हणे! माझा पुढचा टप्पा कब्रस्तानात गं. तू पेटीला जप.”

कामतीनाने जपलं. एकोणतीस दिवस जाळं ठणठणीत चाललं. तिसाव्या दिवशी बैठक, दुपारी चारला. आणि त्याच दिवशी सकाळी सगळ्यांनी मिळून गल्ली झाडायचा कार्यक्रम.

पुरुषांनी गटार उपसलं, चौकीला रंग दिला. बायका कामतीनाच्या अंगणात चुलीवर लोदेह, नारळाच्या दुधातली भाजी, शिजवत होत्या. चौकीची पूर्वेची भिंत गळत होती, कपाटाच्या पायाशी ओल आली होती. पाक तुकिजोने, म्हणजे गल्लीतल्या सगळ्यात मदतशील आणि म्हणून सगळ्यात धोकादायक माणसाने, कपाट उचलून समोरच्या पश्चिमेच्या भिंतीला लावायचं ठरवलं. आधी नीट विचारलं मात्र.

“बू सारवोको! कपाट पलीकडच्या भिंतीला लावू का? इथं पाणी येतंय!”

“लावा की! बरंच होईल!” कामतीना चुलीवरूनच ओरडली. तिच्या दोन्ही हातांना नारळाचं दूध लागलेलं.

थोड्या वेळाने पुन्हा हाक आली. “बू! निळी वायर कुठं खुपसू?”

“निळी लोरला! पिवळी कीदुलला!”

“निळी लोर, पिवळी कीदुल! कळलं!”

तुकिजोने पाठ करत करत वायरी खुपसल्या. दिवे लुकलुकले. तो समाधानाने बिडी ओढायला गेला. सव्वादहाला कळलं, सगळी गल्ली बंद.

पहिली आली म्बाह वीर, काठी टेकत. मग एकेक जण. पाक जुमाली घड्याळाकडे बघून गेला. बैठक चारला होती. तिने हात धुतले आणि चौकीत चटई टाकून कपाटासमोर बसली.

आधी तिने वायरी पाहिल्या. निळी उत्तरेच्या तोंडात, पिवळी दक्षिणेच्या. बरोबर. दोन्हींचे दिवे हिरवे. मग तिने पेटीला विचारलं. नेटवर्कसीटीएल अशी एक आज्ञा आहे, ती दिली की कारभारी सगळ्या तोंडांची हजेरी मांडतो. कीदुलपुढे हिरव्या अक्षरात होतं, की सगळं तयार. लोरपुढे पिवळ्या अक्षरात होतं, की जुळवाजुळव चालू आहे. म्हणजे लोर वरच्या लाइनकडे ‘मला पत्ता द्या, मला पत्ता द्या’ म्हणून ओरडत होता आणि कुणी त्याला ओ देत नव्हतं.

“तू ओरडतोयस, मग ते देत का नाहीत?” ती म्हणाली.

तिने शहरातल्या लाइनवाल्यांना फोन केला. ते म्हणाले, आमच्याकडून सगळं ठीक आहे, बू, तुमची पेटीच मागत नाहीये. हे ऐकून तिला राग आला आणि नवलही वाटलं. पेटी तर इथे घसा फोडून मागतेय! मग ते मागणं जातंय कुठे?

तिने कारभाऱ्याची रोजनिशी काढली. कुठल्या मिनिटाला काय झालं ते सगळं त्यात असतं. सकाळी दहा वाजून अकरा मिनिटांनी दोन्ही वायरी निघाल्या, दहा-चौदाला दोन्ही लागल्या. पुढे तीच ती एक ओळ, पत्ता नाही. तिने चिठ्ठ्या उघडून अक्षर न् अक्षर वाचलं. जन्मनंबर जुळवले. बरोबर होते. कारभाऱ्याला उठवून पुन्हा बसवलं. पेटी बंद करून चालू केली. बारा वाजले, एक वाजला. तुकिजो लोदेहची ताटली घेऊन आला, तिने बघितलंसुद्धा नाही.

“बू, माझं काही चुकलं का हो?”

“तुमचं काय चुकणार? मी सांगितलं तसंच लावलंय तुम्ही.”

“दोनदा बघितलं मी! निळी लोरलाच!”

“दिसतंय मला. लोरलाच आहे.”

आणि दोघांनी पुन्हा एकदा त्या निळ्या वायरीकडे बघून मान डोलावली.

दोन वाजता तिने हात टेकले. तिला पहिल्यांदा वाटलं, की सारवोको असता तर त्याला जमलं असतं. तीन वर्षांत असं तिला एकदाही वाटलं नव्हतं, आणि आता वाटलं म्हणून तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. तिने मनाशी बैठकीत काय बोलायचं ते जुळवायला घेतलं. मी प्रयत्न केला, म्हणायचं. म्बाह वीरकडे बघायचं नाही.

अडीच-पावणेतीनच्या सुमाराला तिला पडदा दिसेना. ऊन डोळ्यांवर आलं होतं. भिंतीच्या वरच्या बांबूच्या जाळीतून तिरपे पट्टे थेट तिच्या तोंडावर पडत होते. तिने वैतागून कपाळावर हात आडवा धरला आणि तशीच थांबली.

ऊन समोरून का?

इतकी वर्षं ती दुपारी या कपाटासमोर बसत आली होती. ऊन कायम पाठीवर असायचं. सारवोकोच्या मागे उभी राहायची तेव्हासुद्धा मान भाजायची. पूर्वेच्या भिंतीकडे तोंड, पश्चिमेचं ऊन पाठीला. आणि आज ते डोळ्यांत जातंय. कारण कपाट पश्चिमेच्या भिंतीला आहे. कारण तीच त्याला हो म्हणाली. म्हणजे कपाट फिरलं, कपाटाबरोबर पेटी फिरली, आणि पेटीबरोबर तिची तोंडंही फिरली. ज्या तोंडाला पेटी लोर म्हणते ते आता दक्षिणेला आहे. बिचारा लोर दक्षिणेला बसून गल्लीतल्या घरांकडे इंटरनेटचा पत्ता मागत होता. घरं तरी कुठून देणार?

ती एकटीच इतकी मोठ्याने हसली, की बाहेर बिडी ओढणारा तुकिजो धावत आत आला.

“काय झालं, बू?”

“पाक तुकिजो, उत्तर कुठंय?”

त्याने गोंधळून हात केला. बरोबर उत्तरेलाच.

“आणि पेटीची उत्तर?”

तुकिजोने हात पेटीकडे नेला, परत आणला, पुन्हा नेला. मग त्याचं तोंड उघडंच राहिलं. “पेटीची उत्तर वेगळी असते?”

“आजपासून नसेल,” ती म्हणाली आणि दोन्ही वायरींची अदलाबदल केली. लोरपुढची पिवळी अक्षरं क्षणात हिरवी झाली. नदीच्या बाजूने म्बाह वीरचा आवाज आला, “आला गं, आला! माझा दिसला!” कामतीनाचा जीव भांड्यात पडला.

पण ती उठली नाही. चारला अजून वेळ होता. तिने चिठ्ठी उघडली आणि लोर या नावावर बोट ठेवलं. तिने स्वतः दिलेलं पहिलं नाव होतं ते, आणि तेही शेवटी जागेचंच निघालं. जागा फिरली की खोटं पडणारं. ते पुसताना तिला थोडं जड गेलं, हे खरं. मग तिने त्या जागी लिहिलं ‘न्जाबा’, म्हणजे बाहेर. कीदुलच्या जागी ‘न्जेरो’, म्हणजे आत. कपाट कुठेही फिरवा, बाहेरचं ते बाहेरचं आणि आतलं ते आतलं. आणि या वेळी दोन्ही तोंडांवर तिने शिलाईच्या पांढऱ्या फितीवर शाईने लिहून चिकटवलं.

चारला बैठक चौकीसमोरच बसली. पाक जुमाली खाकरला. “ठरल्याप्रमाणे बोलायचं तर, आज सकाळी पेटी बंद पडली. जवळजवळ पाच तास. तेव्हा...”

“माझ्यामुळे बंद पडली,” कामतीना मध्येच म्हणाली. “मी पाक तुकिजोंना म्हटलं निळी उत्तरेला लावा, आणि त्यांनी उत्तरेला लावली.”



“मग बरोबरच लावली ना?” कुणीतरी म्हणालं.

“कपाट फिरवलं होतं.”

“फिरवेनात का! उत्तर थोडीच फिरते?”

“मी तेच म्हणतोय सकाळपासून!” तुकिजो उसळला.

कामतीनाने पेटीचं तोंड कसं फिरलं ते दोन वेळा सांगितलं. तिसऱ्या वेळी पाक जुमालीने स्वतः उठून चहाची किटली हातात घेऊन गोल फिरवली, तोटी कुठे जाते ते पाहिलं, आणि खाली बसला. “मीसुद्धा उत्तरेलाच लावली असती,” तो कबूल झाला.

बैठकीला आलेल्या रेंदीला ही संधी वाटली. “म्हणूनच म्हणतो, हे कशाला हवं? आमच्याकडे नुसता फोन करायचा. माणूस येतो आणि लावून जातो.”

“तुमच्या माणसाला उत्तर कुठं ते कळेल का?” म्बाह वीरने विचारलं.

“आजी, उत्तर कुणाला कळत नाही!” रेंदी हसला आणि त्याने मेरबाबू डोंगराकडे हात केला.

 पोराबाळांसकट सगळे हसत सुटले. डोंगर दक्षिणेला.

“अहो, पण योग्या शहरात तर डोंगर उत्तरेलाच...” रेंदी लालबुंद होऊन म्हणाला. योग्यातून त्याची नुकतीच बदली झाली होती, बिचाऱ्याची.

“मग योग्याला लाइन टाका,” म्बाह वीर म्हणाली. “आणि आमची अकरा घरं?”

“ते... पुढच्या टप्प्यात.”

हसणं थांबलं. पाक जुमालीने हात वर करायला सांगितले. पेटी ठेवायच्या बाजूने आधी नदीकाठचे अकरा हात वर गेले, मग तुकिजोचा, मग एकेक करत वरच्या घरांचे. शेवटी त्याने स्वतःचाही वर केला.

“पण आता नीट नोंद करायची,” तो चिटणिसाला म्हणाला. “वहीत पेटी सांभाळणारा म्हणून अजून पाक सारवोकोच आहेत. ते खोडा. बू सारवोको लिहा.”

चिटणिसाने पेन टेकवलं.

“ते नको,” कामतीना म्हणाली. “ते जागेचं नाव झालं. माझं लिहा.”

चिटणिसाचं पेन तसंच राहिलं. त्याने पाक जुमालीकडे पाहिलं, पाक जुमालीने बायकोकडे, बायकोने तुकिजोच्या बायकोकडे. बावीस वर्षं गल्लीतल्या बायकांनी तिच्या हातचे ब्लाउज घातले होते. कुणालाच तिचं नाव ठाऊक नव्हतं. पाक जुमालीची मान खाली गेली.

“कामतीना,” ती म्हणाली.

चिटणिसाने सावकाश लिहिलं. म्बाह वीर काठी आपटत म्हणाली, “आधी पेटीची नावं बदललीस, आता आपलं. आणि जेनांग कुठंय?”

“उद्या करते.”

“दोन पातेली कर.”

ती हसत ग्लासं गोळा करायला वळली. मागे तुकिजो वहीत डोकावून ते नाव वाचत होता. मग त्याने जिभेवर बसतंय का बघायला हळूच म्हणून पाहिलं, “बू कामतीना?”

सत्तावीस वर्षांत त्या नावाने तिला कुणी हाक मारली नव्हती. हातातल्या ग्लासांसकट ती पहिल्याच हाकेला वळली आणि म्हणाली, “ओ.”